हळदीचं डोमेन विकायचं आहे?

वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीवरून डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेऊन ठेवलंय? किंमत ठरवताना विकणारे काय मागतात ते पाहू नका. तसली नावं खरंच कितीला गेली ते नेमबायो या डोमेन-विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर पाहा. आपोआप मूल्यांकन करणारी साधनं निव्वळ अंदाज सांगतात.

मग वायगावच्याच तालुक्यातल्या समुद्रपूरच्या एखाद्या व्यापाऱ्याला फोनवर नाव सांगा, लिहून घ्यायला लावा. 'हळद'चं स्पेलिंग तो एच-ए-एल-ए-डी करतो की हिंदीतल्यासारखं एच-ए-एल-डी-आय? चुकला, तर गिऱ्हाईकही चुकणार. परवडत असेल तर दुसरं स्पेलिंगही घेऊन टाका. मधे डॅश असलेलं नाव मी तर फुकटातही घेणार नाही.

त्या डोमेनवर एक साधं पान चढवा: पिकाचे फोटो, चौकशीचा फॉर्म. आलेल्या चौकश्या जपून ठेवा, भाव करताना त्याच दाखवता येतात. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख मात्र चुकवू नका.