मदतीची घाई : तस्करी आणि अत्याचारातून सुटलेल्या बायकांसोबत काम करताना या चुका टाळा

दर पावसाळ्यात आमच्याकडे नवी मंडळी येतात. समाजकार्याचे विद्यार्थी असतात, नोकरी सांभाळून शनिवार देणारे असतात, निवृत्तीनंतर काहीतरी चांगलं करावं म्हणून आलेल्या बाई असतात. मनाने सगळे चांगले, पण चुका वर्षानुवर्षं त्याच. मुंबई-ठाण्यात या कामात केस उभारायचं राहिलं बाजूला, निस्तरण्यातच माझा निम्मा वेळ जातो. म्हणून हे लिहून ठेवते आहे. आपण केलेल्या चुकीचा भुर्दंड आपल्याला कधीच पडत नाही, तो त्या बाईला पडतो. खाली सांगितलेल्या प्रसंगांत ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"घरी एक फोन करून टाकूया, आई काळजीत असेल"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती नेहमी पहिल्याच दिवशी होते.

कुंटणखान्यावरच्या धाडीत सुटलेली एक मुलगी होती, वय अठराच्या आत, पश्चिम बंगालमधल्या खेड्यातली. आधारगृहात येऊन तिला जेमतेम एक रात्र झाली होती. तिला एकच फोन नंबर पाठ होता. एका उत्साही कार्यकर्तीने तो लगेच लावला, तोही स्पीकरवर, मुलगी शेजारी बसलेली असताना. तोवर मुलगी प्लास्टिकच्या खुर्चीची कड नखाने खरवडत होती. पलीकडून पुरुषाचा आवाज आला आणि तिचा हात तिथेच थांबला. कार्यकर्तीच्या हे लक्षात आलं नाही. तिने आनंदाने सांगून टाकलं की मुलगी सुखरूप आहे, अमुक संस्थेत आहे, जवळचं स्टेशन तमुक. तो आवाज मुलीच्या बहिणीच्या नवऱ्याचा होता. कामाला लावतो म्हणून तिला दलालाच्या हवाली करणारा तोच.

आठवडा उलटायच्या आत बाल कल्याण समितीसमोर (अशा अल्पवयीन मुलींचा ताबा ठरवणारी समिती) एक 'मामा' हजर. हातात रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळेचा दाखला आणि सोबत वकील. वकिलाचं नाव मला ओळखीचं वाटलं म्हणून फाइल काढली, तर घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, जामीनअर्जावर त्याचीच सही. मुंबई उच्च न्यायालयाने 'प्रेरणा' संस्थेच्या याचिकेवर २००२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की आरोपी दलालाचा किंवा घरवालीचा वकील त्याच प्रकरणात सुटलेल्या मुलीच्या बाजूने उभा राहू शकत नाही, आणि परिविक्षा अधिकाऱ्याने घरची चौकशी केल्याशिवाय अल्पवयीन मुलीला कोणाच्याही ताब्यात द्यायचं नाही. तो निकाल समितीपुढे ठेवला म्हणून मुलगी वाचली. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती आमच्यातल्या कोणाशी बोलली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

माझी पद्धत सांगते. पहिल्या संध्याकाळी घराचा विषय काढायचाच नाही. जेवायला काय हवं, झोपताना दिवा चालू ठेवू का, दाराला आतून कडी हवी का, एवढंच विचारायचं. नंबर दिला तर कागदावर लिहून घ्यायचा, लावायचा नाही. एकदोन दिवसांनी विचारायचं, हा फोन कोणाकडे असतो? तू निघालीस तेव्हा घरात कोण कोण होतं? तू इथे आहेस हे कोणाला कळलेलं तुला नको आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की अर्धी केस समजते. मग तिकडच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडून आणि स्थानिक संस्थेकडून गृहचौकशी. ती करणाऱ्याने गावात कोणत्या कामासाठी आलो हे बोलायचं नाही, नाहीतर मुलगी पोचण्याआधी बातमी पोचते.

याला वेळ लागतो. मुलगी बांगलादेशची असेल तर राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत महिनेच्या महिने जातात. नवी मंडळी इथे अस्वस्थ होतात, 'तिला उगाच अडकवलंय' म्हणतात. वेळ लागणं मलाही आवडत नाही. पण तोडगा तिकीट काढून गाडीत बसवणं हा नाही. दर आठवड्याला अर्ज कुठे अडलाय ते बघायचं आणि तिला नीट समजावून सांगायचं, हाच आहे. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुंटणखान्यांवर धाडी पडल्या आणि शेकडो मुली बाहेर काढल्या गेल्या, त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. सुधारगृहांत त्या महिनोन्‌महिने राहिल्या. तुमचं पुढे काय करायचं, हे त्यांना कोणी धड विचारलं नाही. परत गेलेल्यांपैकी काही जणींनी नेपाळात 'शक्ती समूह' ही स्वतःची संघटना उभी केली आणि तिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या बैठकांत ज्यांच्याबद्दल आपण त्यांच्यावाचून ठरवतो, त्या बायका हे करू शकतात.

सज्ञान बाईलाही लहान मुलीसारखं वागवणं

वरचे ताब्याचे नियम अल्पवयीन मुलींसाठी. सज्ञान बाईचा प्रश्न वेगळा आहे. 'पिटा' म्हणजे अनैतिक व्यापार रोखण्याच्या १९५६ च्या कायद्यात दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात, आणि 'तिच्या भल्यासाठी' तो मागायची सवय आपल्या लोकांना लागली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये तीन सज्ञान बायकांना अशा गृहातून सोडायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करायला सांगितली, मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायका सोडता याव्यात म्हणून. राहायचं की जायचं, याचं तिचं उत्तर आपल्याला पटणारं नसेल, तरी ते तिचं आहे. दलालाच्या धाकाने बोलते आहे असं वाटलं तर तिच्याशी एकटीने, सावकाश, पुन्हा बोला. कुलूप लावून धाक जात नाही.

चेहरा धूसर केला की झालं, हा समज

देणगीदाराला अहवाल हवा असतो, सोशल मीडियाला पोस्ट हवी असते. मग शिवणवर्गात पाठमोरी बसलेली बाई, धूसर केलेला चेहरा, खाली 'नाव बदलले आहे'. एका संस्थेच्या पत्रकात असाच फोटो छापून आला. चेहरा खरंच ओळखू येत नव्हता. पण मशीनवर टेकलेल्या मनगटावर भावाच्या नावाचं गोंदण स्वच्छ दिसत होतं आणि मजकुरात तालुक्याचं नाव होतं. पत्रक फिरत फिरत तिच्या गावच्या एका मुलाच्या मोबाइलवर पोचलं. धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं. संस्थेने दिलगिरीचं पत्र दिलं. ते पत्र घेऊन ती कोणाकडे जाणार होती?

बलात्काराच्या गुन्ह्यात ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अल्पवयीन असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ लागतं. निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव छापलं नाही एवढ्याने भागत नाही, दूरान्वयानेही ओळख पटेल असं काही छापू नका.

'पण तिने सही दिली आहे' हे उत्तर मी मानत नाही. जी तुमच्या छताखाली झोपते, तुमच्या हातचं जेवते, ती तुम्हाला नाही कसं म्हणेल? मी गृहात शिरले की फोन पर्समध्ये आणि पर्स कपाटात. देणगीदाराला काम दाखवायचं असेल तर स्वयंपाकघर दाखवते, हिशोब दाखवते, कोर्टाच्या तारखांचं रजिस्टर दाखवते. त्यावर जो देणगी देत नाही, त्याच्याशिवाय भागवायचं.

नवऱ्याला बोलावून समजूत घालणं

घरगुती हिंसाचारात हा शॉर्टकट सर्रास चालतो. दोघांना समोरासमोर बसवायचं, त्याने कान पकडायचे, चहा व्हायचा, फाइल बंद. त्या खोलीत ती काय बोलली याचा हिशोब घरी होतो. बाई घर सोडायच्या बेतात असते किंवा नुकतीच बाहेर पडलेली असते, तो काळ सगळ्यात धोक्याचा. त्याच वेळी आपण त्याला फोन करून सावध करतो! २००५ चा कायदा हातात आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल भरून घ्या, राहण्याच्या हक्काचा आणि संरक्षणाचा अर्ज लावा. अंतरिम आदेश त्याच्या गैरहजेरीतही मिळू शकतो. 'वकील परवडत नाही' म्हणून थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दरम्यान शेजारणीकडे एक पिशवी ठेवायला सांगा. तिचं आणि मुलांचं आधार, शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक, औषधं, थोडे सुटे पैसे.

आता बाकीच्या, भरभर.

"पळून का नाही गेलीस?" हा प्रश्न कधीच विचारू नका. कुतूहल म्हणूनही नाही.

एकाच दिवशी पोलीस, डॉक्टर, समुपदेशक आणि भेटीला आलेले विश्वस्त यांना तिने तीच कहाणी सांगायची नसते. एकदा नीट लिहून घ्या, पुढे कागद फिरू द्या.

"तीन दिवस होऊन गेले, आता मेडिकलला काय अर्थ?" असं पोलीस ठाण्यातून सांगितलं जातं आणि आपली माणसं ऐकून परत येतात. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत हे खरं, म्हणून तिला आधी दवाखान्यात न्या. पण उशीर झाला म्हणून तपासणी आणि उपचार नाकारता येत नाहीत. सज्ञान बाईला पोलीस केस करायची नसली तरी उपचार मिळायलाच हवेत.

एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन परत येऊ नका. तस्करी आणि बलात्कार दखलपात्र आहेत, एफआयआर घ्यावाच लागतो, हद्द कोणतीही असो. नोंद नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःला शिक्षा होऊ शकते. हे वाक्य ठाणे अंमलदारासमोर शांतपणे म्हणायची सवय करा. आवाज चढवलात तर बाई दोघांच्या मध्ये सापडते.

जबाब पाठ करून घेऊ नका. तिला तारीख आठवत नसेल तर 'आठवत नाही' हेच लिहिलं जाऊ दे. पढवलेली तारीख उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत फुटते.

"मी आहे ना, काही होणार नाही" असं म्हणू नका. तुमची इंटर्नशिप डिसेंबरात संपते.

शिवणयंत्राबद्दल मात्र थोडं थांबते, कारण याचा मला खरोखर राग येतो. पुनर्वसन म्हटलं की शिवण, पापड, मेंदी. ज्या बाईने घरवालीचं व्याज तोंडी हिशोबाने ओळखलं, चार भाषांत गिऱ्हाइकं सांभाळली, तिला आपण काजं-बटणं शिकवतो आणि ती वर्गाला येत नाही म्हणून 'मोटिव्हेशन नाही' असं फाइलवर लिहितो. तिला विचारा. कोणाला रिक्षा चालवायची असते, कोणाला बाहेरून दहावी देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा असतो, कोणाला आधी सहा महिने नुसतं झोपायचं असतं.

शेवटची चूक बहुतेकांना दिसतच नाही, कारण तोवर ते काम सोडून गेलेले असतात. खटला उभा राहायला काही वर्षं जातात. तोवर तिचं लग्न झालेलं असतं, सासरी काही माहीत नसतं, आणि एक दिवस गणवेशातला हवालदार समन्स घेऊन दारात येतो. केस बंद करताना मी तिला विचारते, पुढे कोर्टाचा कागद आला तर कुठे यावा? कोणाच्या हातात? जो पत्ता ती सांगेल तो तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना लेखी देते, पोच घेते, आणि साध्या कपड्यातल्या महिला पोलिसाची विनंती त्याच पत्रात लिहिते. साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने देण्याचा अर्ज तारीख लागल्या लागल्या टाकायचा, आदल्या दिवशी नाही. तिचा फोन बदलला असेल तर तो शोधत तिच्या माहेरी जायचं नाही. आपला नंबर मात्र बदलू नये, आणि संस्था सोडलीत तर तारखांचं रजिस्टर पुढच्या बाईच्या हातात, एकेक नाव समजावून, देऊन जावं.