पहिल्या गाडीचा विमा: या चुका टाळा

‘पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, गाडी त्याच्या नावावर घेतली तर विमा महाग पडेल का हो?’ ओळखीत कुणी गाडी बुक केली की हा प्रश्न येतोच. ब्रिटनमध्ये पडतो, चांगलाच महाग. म्हणून तिथले काही पालक मुलाची गाडी आपणच चालवतो असं दाखवतात, आणि ती सरळ फसवणूक ठरते. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर चालवणाऱ्याचं वय बघत नाही. १ जून २०२२ पासूनच्या दराने १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, मग ती कॉलेजकुमाराची असो की निवृत्त मास्तरांची. हे न्याय्य आहे का, ते चाळीसच्या वर काटा न नेणाऱ्या मास्तरांना विचारा. तरुणाला वयाचा नाही, पण नवखेपणाचा भुर्दंड मात्र बसतो: त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यापासून सुरू होतो.

म्हणून गाडी आईच्या नावावर घ्यायची टूम निघते. गुन्हा नाही, पण एक गोम आहे. पॉलिसीतलं १५ लाखांचं सक्तीचं अपघात कवच मालक-चालकाचं असतं. आईकडे लायसन्स नसेल तर ते तिला लागू होत नाही, आणि मुलगा मालक नाही म्हणून त्यालाही नाही. रोज गाडी चालवणाराच उघडा! त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या, नाहीतर गाडीच त्याच्या नावावर करा.

सेकंडहॅंड गाडी घेताना ‘पन्नास टक्के बोनस आहे बघा’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुना मालक तो घेऊन जातो. तुम्ही खोटा लावून घेतलात तर क्लेमच्या वेळी कंपनी आधीच्या कंपनीकडे चौकशी करते. आणि पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर समोरच्याची भरपाई होईल, पण तुमच्या गाडीचं नुकसान तुमच्याच गळ्यात.

सगळ्यात जास्त पैसे मात्र किरकोळ क्लेममध्ये जातात. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी १०,००० रुपये आहे आणि तुम्हाला ३५ टक्के बोनस मिळतोय. पार्किंगमध्ये बंपर फुटला, खर्च ६,०००. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कवच) नसेल तर प्लॅस्टिकवर निम्मी घसारा-कपात, शिवाय १,००० सक्तीचे तुमच्या खिशातून. हातात साधारण २,०००. क्लेम केला नसता तर पुढचे बोनस ४५, ५०, ५० टक्के. केलात तर ०, २०, २५. फरक ४,५०० अधिक ३,००० अधिक २,५००. दोन हजारांसाठी तीन वर्षांत दहा हजार! (हप्ता तेवढाच राहील असं धरलंय, पण हिशोबाची दिशा कळली असेल.) गॅरेजवाला ‘क्लेममध्ये टाकू का?’ विचारतो तेव्हा त्याला हा हिशोब करायचा नसतो, तुम्हाला असतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर क्लेम न करताही बोनस जातो, हेही लक्षात असू द्या.

लर्निंग लायसन्सवर एकट्याने गाडी काढणं ही चूक घरोघरी होते. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, गाडीवर ‘एल’ हवा. हे नसताना अपघात झाला तर न्यायालय जखमीची भरपाई आधी कंपनीला द्यायला लावू शकतं, आणि कंपनी ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. मुलगा अठराच्या आतला असेल तर प्रश्न विम्यापुरता राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.