"आजकालची पोरं टिकत नाहीत" म्हणताय? आधी या चुका टाळा

मुंबईत अंधेरीपासून बेलार्ड इस्टेटपर्यंत कुठल्याही ऑफिसात जा, हे वाक्य कानावर येतंच. मी कस्टम क्लिअरिंगच्या, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवायच्या लाइनमध्ये एचआर बघते आणि माझं मत पक्कं आहे, प्रश्न वयाचा नाहीये, टिकून राहिल्याने माणसाच्या पदरात काय पडतं याचा आहे.

चूक पहिली: जुने निष्ठावान, नवे उडाणटप्पू असं धरून चालणं. जुनी माणसं राहिली कारण राहण्यात फायदा होता, पर्मनंट नोकरी, सीनियॉरिटीने बढती, बऱ्याच ठिकाणी पेन्शन. त्यात 1982 चा गिरणी संप ज्या घरांनी बघितला त्या घरात हातातली नोकरी सोडायची नाही हे पोरांना वेगळं शिकवावं लागलं नाही. आज काँट्रॅक्टवर घेता, पगारातला मोठा तुकडा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा ठेवता, आणि 2014 पासून यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर आल्यामुळे पीएफही नोकरी बदलली की सोबत नेता येतो, मग एकाच जागी राहायचं कशासाठी हे त्या मुलाला कोणी सांगितलंय का?

चूक दुसरी, माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी: राहिलेल्या माणसालाच कमी पगार. सात वर्षं काम करणाऱ्याला दरवर्षी थोडीशी वाढ आणि बाहेरून आलेल्याला त्याच कामाचे सरळ जास्त पैसे, हे लपत नाही हो, डबा खाताना कळतंच. त्या दिवसापासून जुना माणूस काम करतो पण जीव लावत नाही, आणि नवा बघतो की इथे राहिलं तर आपलंही हेच होणार. म्हणजे एका पगारात दोन्ही पिढ्या घालवल्या. दरवर्षी अप्रेझलच्या आधी एक साधी शीट काढा, काम तेच असलेल्यांचे पगार शेजारी शेजारी ठेवा, आणि जिथे जुना मागे पडलाय तिथे त्याने राजीनामा टाकायच्या आधी भरून काढा. राजीनाम्यानंतर थांबवायला वाढवून दिलेल्या पगाराने, म्हणजे काउंटर ऑफरने, बाकीच्यांना एवढंच कळतं की इथे पैसे धमकी दिल्यावर मिळतात.

चूक तिसरी: शिकवायच्या नावाखाली अपमान. आमच्याकडे एक काका होते, इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन वाचूनच सांगायचे की या एचएस कोडवर, म्हणजे मालाच्या प्रकाराच्या नंबरवर, कस्टम्सची क्वेरी येणार. आणि एक नवीन मुलगी, तिने एक्सेलमध्ये असं बसवलं होतं की न्हावा शेवा बंदरात पडलेल्या कंटेनरचे फ्री डेज, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, संपत आले की ती ओळ लाल व्हायची, डिटेन्शन म्हणजे उशिराचा चार्ज लागायच्या आधीच. मॅनेजमेंटने काय केलं तर काकांना अख्ख्या स्टाफसमोर तिच्याकडे एक्सेल शिकायला बसवलं. काका गप्प झाले आणि ती बिचारी ऑफिसात आगाऊ ठरली. नंतर आम्ही दोघांना एकच फाइल दिली आणि तिच्या शीटमध्ये "का?" असा एक कॉलम वाढवला, काका बोलायचे, ती टाइप करायची, कुठल्या मालाला कुठला कागद आधी मागवायचा ते सगळं त्यात आलं. ती शीट दोघांच्या नावाने फिरली आणि तिथून त्यांचं जमलं.

उशिरापर्यंत बसणं म्हणजे निष्ठा, हेही डोक्यातून काढा. बदलापूर-विरारवरून येणारा माणूस सहा वाजता बॅग उचलतो कारण त्याला ट्रेन पकडायचीय. काम झालंय का तेवढं बघा.

आता बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचं असेल तर, एकाच टीममधून माणसं जातायत का बघा, जात असतील तर पिढीबिढी सोडा, टीम लीडशी बोला. वर्षाच्या आतच जातायत तर इंटरव्ह्यूत सांगितलेलं काम आणि टेबलावर आलेलं काम वेगळं आहे. आणि चांगली चार-पाच वर्षं काढलेले जातायत तर वर जायला जागाच नाहीये. हे एक्झिट इंटरव्ह्यूला विचारून काय उपयोग, तेव्हा सगळे गोडच बोलतात, जे आहेत त्यांना आत्ता विचारा.

आणि जाणाऱ्याला नीट जाऊ द्या. रिलीव्हिंग लेटर अडवू नका. ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती 30 दिवसांत द्यायची असते, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिन्याला 26,000 असेल तर पाच वर्षांचे 75,000 होतात, त्याला हिशोब कागदावर दाखवा. मागे राहिलेले सगळे हे बघत असतात. नंबर ठेवा, आणि पुढे जागा निघाली की जाहिरात टाकायच्या आधी त्यालाच फोन करा.