उसातला केवडा: चिलेटेड फेरस ड्रिपमधून सोडण्याआधी

सुरू उसाची लागण उरकली, खोडव्याचे फुटवे वर आले, की चुनखडीच्या रानात केवडा, म्हणजे लोह कमी पडून येणारा पिवळेपणा, दिसू लागतो. सुरळीतले कोवळे पान पट्ट्यापट्ट्यांनी पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि पुढे सगळे पानच पांढरेफटक होते. खालची जुनी पाने मात्र हिरवी असतात. पिवळेपणा खालून वर चढत असेल तर नत्र कमी पडले आहे. बेटात गवतासारखे बारीक, पांढरट असंख्य फुटवे दिसले तर तो गवताळ वाढीचा रोग. तिथे खत घालू नका, बेट मुळासकट काढून नष्ट करा.

केवड्यावर दुकानातून चिलेटेड फेरसचे, म्हणजे धरून ठेवणाऱ्या रसायनात (चिलेटमध्ये) बांधलेल्या लोहाचे, पाकीट येते आणि थेट ड्रिपला लागते. आधी पाकीट वाचा. त्यावर बहुतेक वेळा ‘फेरस ईडीटीए, लोह १२ टक्के’ असते. ईडीटीए हे ते रसायन. तो लोहाला धरून ठेवतो, पण सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की ही पकड सुटत जाते. चुनखडीच्या रानाचा सामू आठच्या आसपास किंवा वर, शिवाय कॅल्शियम भरपूर. ईडीटीए लोह सोडतो, कॅल्शियम धरतो आणि सुटलेले लोह मातीत अडकून बसते. जस्ताचे चिलेट अशा जमिनीत बरे टिकते. लोहाचे टिकत नाही.

एक किलो पाकिटात लोह १२० ग्रॅम, ईडीटीए सहाशे ग्रॅमच्या वर. लोह उसाला मिळाले नाही आणि ईडीटीए रानात उरला. तो लवकर कुजत नाही, मातीला फारसा चिकटत नाही. पाण्याबरोबर खाली उतरताना वाटेतला धातूही सोबत नेतो. अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज इथे पुरलेल्या अणुकचऱ्यातला कोबाल्ट-६० भूजलातून पसरला तो ईडीटीएमुळे, हे १९७८ मध्ये दाखवून देण्यात आले. जर्मनीत नद्यांमधले ईडीटीए निम्म्यावर आणायचे १९९१ मध्ये ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.६ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत निकेल, जस्त, कॅडमियम, क्रोमियम आहेत, ईडीटीए नाही. खत नियंत्रण आदेश १९८५ पाकिटातले लोह आणि शिसे तपासायला लावतो. युरोपात मात्र चिलेट किती सामूपर्यंत टिकते हे वेष्टनावर छापावेच लागते. ही एक ओळ आपल्या पाकिटावरही हवी आणि ती आपण मागितलीच पाहिजे.

आता करायचे काय? जमिनीतून द्यायचे असेल तर साधे फेरस सल्फेट घ्या, एकरी १० किलो. उघडे फेकू नका, चुनखडीत त्याचा गंज होतो. चांगल्या कुजलेल्या १०० किलो शेणखतात मिसळा, ओल धरेल इतपत पाणी शिंपडा आणि सावलीत गोणपाटाखाली ५-६ दिवस मुरू द्या. शेणखतातली आम्ले लोह धरून ठेवतात आणि नंतर मातीत कुजून जातात. हे खत सरीत मुळांजवळ घालून मातीआड करा, मग पाणी द्या. खडे हिरवट असतील तेच फेरस सल्फेट वापरा. तांबूस पडलेले घेऊ नका.

उभ्या पिकाला लवकर हिरवेपणा हवा असेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. ईडीटीए वापरायचाच तर तो पानावर, लेबलवरच्या मात्रेत. उन्हात फेरस ईडीटीए फुटतो, म्हणून द्रावण उघड्यावर ठेवू नका आणि फवारणी संध्याकाळी घ्या.

द्राक्ष, मोसंबीच्या फार चुनखडीच्या बागेत ड्रिपमधूनच लोह देणे भाग असेल तर फेरस ईडीडीएचए हे लालभडक चिलेट सामू नऊपर्यंत टिकते. ते महाग आहे, ‘ऑर्थो-ऑर्थो’चे (त्यातल्या लोह घट्ट धरणाऱ्या प्रकाराचे) प्रमाण पाहून घ्या, फवारू नका. तेही मातीत रेंगाळते, त्यामुळे मुळांच्या कक्षेपुरतेच आणि मोजून द्या.

एमआयडीसीच्या खालच्या अंगाला नाल्याचे पाणी उचलणाऱ्यांनी जास्त सांभाळावे. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यात सांडपाण्यात चुना टाकून धातू तळाला बसवतात. त्या पाण्यात ईडीटीएसारखे रसायन असेल तर धातू बसतच नाही, विरघळलेला राहून नितळ पाण्यातून बाहेर येतो. पाणी स्वच्छ दिसते म्हणून पालेभाजीला देऊ नका. ज्या रानाला असे पाणी वर्षानुवर्षे बसले आहे तिथे जमिनीतून ईडीटीए चिलेट अजिबात नको. मातीत थांबलेले निकेल, कॅडमियम तो पुन्हा मोकळे करतो. माती व पाणी देताना प्रयोगशाळेत नेहमीच्या सामू-क्षारतेसोबत निकेल, कॅडमियम, शिसे, क्रोमियम लिहून मागा. धातूंसाठी पाण्याची बाटली वेगळी लागते, ती प्रयोगशाळेकडूनच घ्या. आकडे मर्यादेबाहेर आले तर अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.