फक्कीची पिशवी आता तुझी: कॉलेजच्या बेसबॉल टीमवर इंटर्न कोच होताना

ओजेटीचे, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंगचे, चार क्रेडिट म्हणजे १२० तास. ते जिमखान्यात भरायचे ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, सर गळ्यात शिट्टी घालतील. सरांनी हातात मैदानावर रेघा मारायच्या फक्कीची पिशवी दिली. पुढच्या वर्षी ती कुणाच्या तरी हातात जाणार, म्हणून हे लिहून ठेवतेय. तू ठाण्यातल्याच दुसऱ्या कॉलेजात असशील किंवा वाशी-नेरूळला, तरी फारसा फरक पडू नये. मैदानं सगळीकडे क्रिकेटवाल्यांचीच असतात.

मी स्वतः बेसबॉल खेळलेली नाही. शाळेत, जळगावला, सॉफ्टबॉल खेळायचे. कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारी. मला वाटायचं खेळ एकच, फक्त बॉल लहान. पहिल्याच आठवड्यात आमचा एक रनर पहिल्या बेसवरून चार पावलं पुढे जाऊन उभा राहिला आणि मी मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडले, "अरे बेस सोडू नको!" सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या, म्हणजे बॅटरकडे बॉल फेकणाऱ्याच्या, हातून बॉल सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये लीड घेणं, म्हणजे असं आधीच पुढे सरकून उभं राहणं, हे रनरचं कामच असतं. सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "नियमांचं पुस्तक घरी ने." ऐरोली ते ठाणे प्रवासात रोज दोन पानं वाचली. बसायला जागा नसली तरी दोन पानं होतात.

आधी मैदान आखायला शीक. हे काम कुणालाच नको असतं, त्यामुळे ते इंटर्नकडे येतं, आणि ते नीट आलं की टीम तुझं ऐकायला लागते. ५० मीटरचा टेप घे. नायलॉनची दोरी नको, ओढली की लांबते. होमप्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथल्या प्लेटच्या, मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसपर्यंत सरळ ३८.७९ मीटर मोज, म्हणजे १२७ फूट ३ इंच आणि वर किंचित. एक जण होमवर, एक जण दुसऱ्या बेसवर उभा कर. दोघांकडून २७.४३ मीटर, म्हणजे ९० फूट, मोजत ये. दोन्ही मापं जिथे भेटतात तो पहिला बेस. दुसऱ्या बाजूला तसंच केलं की तिसरा. नववीतला पायथागोरस इथे कामी येतो. पिचर पाय ठेवून फेकतो ती पट्टी होमपासून ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटर. इथे मी चुकले होते. चौकोनाचा मध्य काढला आणि तिथेच पट्टी ठोकली. मध्य येतो साधारण ६३ फूट ८ इंचांवर. आमचा पिचर दोन दिवस बॉल खाली पडतोय म्हणून स्वतःवर वैतागत होता आणि मी त्याला खांदा वर ठेव, पाय लांब टाक असले सल्ले देत होते. तिसऱ्या दिवशी सरांनी पावलांनीच अंतर मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं.

दिशेचंही बघ. पुस्तकात लिहिलंय की होमपासून पिचरवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येकडे असावी. दुपारी सामना असला तर ते बरोबर आहे, ऊन बॅटरच्या पाठीशी राहतं. आमची प्रॅक्टिस सकाळी साडेसहाला. तशी रेघ मारली तर बॅटरच्या डोळ्यात सरळ सूर्य. आम्ही होमप्लेट उलट्या टोकाला नेली.

आता खरं काम. तुझ्या टीमवरचे बहुतेक सगळे क्रिकेटमधून आलेले असणार, कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये जागा न मिळालेले. त्यांना बेसबॉल येत नाही असं समजून शिकवायला गेलीस किंवा गेलास तर ते कंटाळतात. त्यांना अर्धा खेळ येतो, आणि बाकीचा अर्धा क्रिकेटने बिघडवलेला असतो. कुठला अर्धा कुठला ते ओळखणं म्हणजेच इंटर्नचं शिक्षण.

पहिली खोड: बॅट घेऊन पळणं. मारलं की पोरगा बॅट हातात धरून धावत सुटतो आणि पहिल्या बेससमोर ती क्रीजमध्ये टेकवल्यासारखी पुढे करतो. सांगून सुटत नाही. मी होमच्या बाजूला स्कूटरचा जुना टायर ठेवला आणि नियम केला: मारल्यावर बॅट टायरमध्ये पडली पाहिजे, फेकलेली नव्हे, सोडलेली. टायरबाहेर पडली तर एक फेरी. चार दिवसांत बॅट सुटली. मग दुसरं लक्षात आलं, की पहिल्या बेसवर सगळे थांबायला बघतात, म्हणून आधीच वेग कमी करतात. पहिला बेस पाय लावून पार करायचा आणि सरळ पळत राहायचं, त्याला परवानगी आहे. दुसऱ्या-तिसऱ्याला नाही.

दुसरी खोड: "रन नाही" म्हणणं. क्रिकेटमध्ये पळायचं की नाही हे आपण ठरवतो. इथे बॉल फेअर, म्हणजे दोन रेघांच्या आत, लागला की बॅटरला पळावंच लागतं, आणि पहिल्या बेसवर कुणी असेल तर त्यालाही पुढे सरकावं लागतं. म्हणून तो ज्या बेसकडे निघालाय तिथे बॉल पकडून बेसला पाय लावला तरी तो आउट, त्याला बॉल शिवायची गरज नाही. हे फोर्स प्रकरण मी फळ्यावर तीनदा काढून दाखवलं. मान सगळ्यांनी हलवली, समजलं कुणालाच नाही. शेवटी म्हटलं, ठाणे स्टेशनला दारात उभा असलेला माणूस आठवा. त्याला उतरायचं नसतं, पण मागचे त्याला उतरवतात. मागून ढकलणारा असेल तर फोर्स, मागची जागा रिकामी असेल तर टॅग, म्हणजे त्याला बॉल शिवावा लागेल. त्या दिवसापासून आमचे इन्फिल्डर "मागे गर्दी!" असं ओरडतात. पंचांना कळत नाही, आम्हाला कळतं.

फाऊल, म्हणजे रेघांबाहेर किंवा मागे गेलेला बॉल, शिकवायला गल्ली क्रिकेट पुरतं. सोसायटीत मागे रन नसतात ना, तसं. लेट कट मारून टाळ्या मिळवलेल्या पोराला हे पचायला वेळ लागतो. उलट "एक टप्पा आउट" मात्र डोक्यातून काढावं लागतं.

कॅच घेण्यात मला वाटलं होतं काही अडचण येणार नाही. क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, आपला १४२ ते १४९. उघड्या हातांनी तो पकडणाऱ्यांना हा काय करणार? पण त्यांना भीती बॉलची नसते, ग्लोव्हची असते. पहिल्या दिवशी निम्म्यांनी ग्लोव्ह उजव्या हातात घातला, कारण पकडायचा हात उजवा. ज्या हाताने फेकतोस तो मोकळा ठेव, हे एकेकाला सांगावं लागलं. मग ते ग्लोव्ह पिशवीसारखा उघडा धरून बॉल आपोआप आत येईल म्हणून उभे राहतात. यावर उपाय म्हणजे जुनी रबरी स्लिपर. पट्टे काढून टाक, मागे रुंद इलॅस्टिक शिव, ग्लोव्हच्या हातावर चढव आणि पंधरा फुटांवरून टेनिस बॉल टाक. स्लिपर बॉल धरू शकत नाही, नुसता थोपवते, त्यामुळे दुसरा हात मुकाट्याने वर येतोच. रोज दहा मिनिटं. मी बोलायची गरज उरत नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण पहिल्या महिन्यात मी फार बोलायचे.

बॅटिंगला टी हवी, म्हणजे बॉल वर ठेवून मारायचा स्टँड. दुकानातली महाग पडते. दीड इंची पीव्हीसी पाइप, रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून उभा केलेला, आणि वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. कमरेच्या उंचीवर बॉल ठेव आणि जुन्या नेटमध्ये मारायला लाव. बघताना हात बघू नकोस, मागचा पाय बघ. क्रिकेटची सवय असलेला पुढच्या पायावर झुकतो आणि बॅट सरळ खाली आणतो. इथे कंबर आधी वळली पाहिजे, मग हात. मागच्या पायाची टाच वर उचलून बाहेरच्या दिशेला फिरली नाही, तर कंबर वळलेली नाही. मला एवढंच बघता येतं, बाकी सर बघतात. इंटर्नने एका वेळी एकच गोष्ट बघावी आणि ती खरंच बघावी.

पिचर मात्र क्रिकेटवाल्यांत शोधू नकोस. फास्ट बोलर येतो तो धाव घेऊन येतो. पट्टीवर एक पाय ठेवून फेक म्हटलं की त्याचा अर्धा वेग जातो, शिवाय कोपर सरळ ठेवायची सवय मोडत नाही. २००८ मध्ये भारतात वेगवान फेक करणारे शोधण्याची स्पर्धा झाली होती. त्यातून पुढे आलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले, दोघेही भालाफेकवाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. ही गोष्ट डोक्यात ठेवून मी कॉलेजच्या हँडबॉल आणि ॲथलेटिक्सच्या पोरांभोवती आठवडाभर घुटमळले. कळव्याचा एक हँडबॉलपटू मिळाला. उंच, शांत, बॉल सोडताना मनगट मोडणारा. तो आमचा पहिला पिचर.

पिचर मिळाला की वही काढ. डाव्या पानावर तारीख, उजव्या पानावर पाचपाचच्या रेघा. प्रत्येक पिच मोजायची, सामन्यातली आणि प्रॅक्टिसमधलीही. अमेरिकेत एमएलबी (तिथली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल यांनी 'पिच स्मार्ट' नावाची मर्यादा घालून दिलीय: १७-१८ वयाला दिवसाला जास्तीत जास्त १०५ पिच, १९ ते २२ ला १२०. त्याहून कामाचा भाग विश्रांतीचा. ३१ ते ४५ पिच झाल्या तर एक दिवस सुट्टी, ४६ ते ६० झाल्या तर दोन, ६१ ते ८० झाल्या तर तीन. पण ती पोरं लहानपणापासून फेकत आलेली असतात. आमच्याने जूनमध्ये पहिल्यांदा पट्टीवर पाय ठेवला होता. मी माझ्या मनाने मर्यादा निम्मी धरली आणि सरांना तसं सांगून टाकलं.

सप्टेंबरमध्ये ऐरोलीला सरावाचा सामना होता. आम्ही एका रनने पुढे. अठ्ठावन्नाव्या पिचनंतर पोराने दोनदा कोपर चोळलं. विचारलं तर म्हणे, "ताई, काही नाही गं." दुखणारा कधी दुखतंय म्हणत नाही. पण मैदानावर सगळ्यांसमोर सरांना "ह्याला काढा" म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मी गेले आणि वही उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी आकडा पाहिला, पोराकडे पाहिलं आणि बदली केली. सामना हरलो. टीम दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. वही मात्र तेव्हापासून सर स्वतः मागून घेतात.

वयाचा प्रश्न तुलाही येईल. मी वीस वर्षांची, टीममधले काही माझ्याच वर्गातले. सर म्हणाले, "मॅम म्हणायला लाव." मी एक दिवस लावलं. सगळे इतक्या आदराने मॅम म्हणायला लागले की चेष्टा लपेना. आता लहान असलेले ताई म्हणतात, वर्गातले नावाने हाक मारतात, आणि रेघा मारण्यात कुणाला सूट नाही.

खुणांचं शिकताना मात्र चारचौघांत शोभा झाली. त्याच ऐरोलीत, खाडीच्या बाजूला. तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून मला उभं केलं होतं. आमच्या खुणा साध्या: टोपी म्हणजे बंट (बॅटने बॉल हलकेच अडवणं), पट्टा म्हणजे थांब, कोपर म्हणजे स्टील (बॉल मारला नसताना पुढचा बेस पळून गाठणं). खाडीकाठचे डास सकाळीही सुट्टी घेत नाहीत. एक कोपरावर बसला, मी फटकन मारला, आणि पहिल्या बेसवरचा रनर सुसाट निघाला. दुसऱ्या बेसच्या दहा फूट आधी आउट. त्याची चूक काहीच नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे आधी कान, मगच पुढची खूण खरी. कानाला हात लागला नसेल तर मी काहीही चोळलं, खाजवलं, मारलं तरी ते धरायचं नाही. शिवाय ओडोमॉस.

पहिल्या बेसजवळ उभं केलं तर काम सोपं पण सतत आहे: किती आउट झालेत ते रनरला सांग, पिचरचा पाय बघत राहा, त्याने बेसकडे बॉल टाकला की "बॅक!" ओरड. आणि उंच उडालेला बॉल पाहून रनर पळू लागला तर थांबव. झेल पकडला गेला तर त्याला बेसवर परत यावं लागतं, हे क्रिकेटवाले दर वेळी विसरतात.

स्कोअरशीट एका रविवारात येते. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग मागचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. हे आकडे जागांचे आहेत, जर्सीचे नाहीत. ६-४-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसला, त्याने पहिल्याला, दोन आउट.

ओजेटीची डायरी दर शनिवारी सही करून घे. मी महिनाभराची एकदम नेली तर सर म्हणाले, मला काय आठवणार, आणि ते खरंच होतं.

पावसाळ्यात ग्लोव्हना बुरशी येते. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत, पंख्याखाली ठेव. उन्हात टाकलेस तर चामडं पापडासारखं होतं, आमचे दोन गेले. लाकडी बॅटी भिंतीला टेकवून ठेवू नकोस, आडव्या ठेव. बॅग लोकलमध्ये लगेजच्या डब्यातूनच ने. कुणीतरी विचारेलच, "क्रिकेट का?" हो म्हण, लवकर सुटका होते.

कपाटाची किल्ली जिमखान्यातल्या काकांकडे असते. ते सव्वासहाला चहाला जातात, त्याआधी पोच. टायर कपाटामागे आहे, तो भंगारात देऊ नका असं त्यांना सांगून ठेवलंय.