धरण हिरवं झालं की मोरचुदाच्या पोत्याला हात लावू नका

फिल्टर प्लांटवर नव्याने लागलेल्यांसाठी लिहितेय. तुरटी, जार टेस्ट (तुरटीचा डोस ठरवायची चाचणी), टीसीएल (ब्लीचिंग पावडर), ओटी (शिल्लक क्लोरीनची तपासणी) हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

कोकणात चार महिने सांडव्यावरून पाणी धो धो जातं, म्हणून शेवाळ हा आपला विषय नाही असं सगळ्यांना वाटतं. एप्रिल-मे येऊ द्या. पाणी तळाला, त्यात साबण, गुरं, बागांतलं खत आणि गाळातून सुटणारा फॉस्फरस. बघता बघता पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखी साय धरते. मे लागला की मी अजूनही आधी जॅकवेल (धरणातून पाणी उचलायची विहीर) गाठते, ऑफिस नंतर.

मला ज्याने छळलं ते आता सांगते. कोणीतरी जुनाजाणता म्हणतो, "टाका मोरचूद (कॉपर सल्फेट), दोन दिवसांत पाणी साफ." आणि होतंही साफ! तिथेच माणूस फसतो. ही साय नील-हरित शेवाळाची असू शकते, आणि त्याचं विष, निदान मायक्रोसिस्टिन हा प्रकार तरी, बहुतेक पेशीच्या आत असतं. अख्खी पेशी तुरटीच्या फ्लॉकमध्ये (गाळाच्या पुंजक्यात) अडकून क्लॅरिफायरच्या (गाळ बसवायच्या टाकीच्या) तळाला बसते, उरलीसुरली वाळूत अडकते. मोरचूद टाकलं किंवा कच्च्या पाण्यातच टीसीएल मारलं, की पेशी फुटते आणि विष पाण्यात विरघळतं. विरघळलेलं विष ना तुरटीला सापडत, ना वाळूला. म्हणजे रंग गेला, टर्बिडिटी (गढूळपणा) झकास, आणि विष थेट नळाला. पेशी अख्खीच बाहेर काढायची, धरणात फोडायची नाही. 1979 साली ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर धरणातल्या शेवाळावर मोरचूद मारलं आणि त्यानंतर 148 जण इस्पितळात गेले, त्यात बहुतेक मुलं.

"उकळून प्या" अशी दवंडीही देऊ नका. उकळून हे विष जात नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात लोकांना पाणी उकळू नका असंच सांगावं लागलं होतं.

घाबरू मात्र नका, सगळंच हिरवं पाणी विषारी नसतं. काचेची बाटली भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय घ्या, खाली बसला असेल तर बहुधा साधं शेवाळ. खात्री मायक्रोस्कोपखालीच. मातकट वासावरून काहीच ठरवू नका. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की साय पूर्वेच्या काठाला साचते. जॅकवेल तिकडेच असेल तर वरचं गेट बंद करून खालचं उघडा. तुमच्या पंप ऑपरेटरला हे कुठल्याही ट्रेनिंगवाल्यापेक्षा जास्त कळतं, त्याला चहा पाजा. 'बायो' पावडर विकायला येणाऱ्यांना पाजू नका.

क्लोरीन द्यायचाच, पण फिल्टरनंतर. पीएच 8 च्या खाली, अर्धा तास संपर्क आणि शेवटी लिटरला 0.5 मिलिग्रॅम शिल्लक, एवढं जमलं तर विरघळलेलं मायक्रोसिस्टिन मोडतं. शेवाळ दुपारी पीएच 9 च्या वर नेतं, म्हणून सकाळच्या रीडिंगवर दिवस काढू नका. शक्य असेल तिथे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पूड वापरा.

क्लॅरिफायरचा गाळ रोज सोडा. पडून राहिला तर त्यातल्या पेशी तिथेच फुटतात. बॅकवॉशचं (फिल्टर उलटा धुतल्याचं) पाणी या दिवसांत परत इनलेटला घेऊ नका. टंचाईत वरून "घ्या" असा फोन येईल. तो आदेश लेखी मागा.