सरकारी कार्यालयात अडकलेले बिल कसे सुटले: माझा अनुभव

सातपूर एमआयडीसीत आमचे विजेची पॅनेल बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. एका सरकारी कार्यालयाला माल दिला, चलनावर सही-शिक्काही मिळाला, पण बिल "निधी आलेला नाही" म्हणून पडून राहिले. हेलपाटे, स्मरणपत्रे, साहेबांची मनधरणी, सगळे वाया. उसनवारीवर पगार भागवताना जीव मेटाकुटीला आला.

बिल सुटले ते एमएसएमईडी कायदा, 2006 मुळे, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या कायद्यामुळे. आधी चलनावरची तारीख पाहिली. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असे धरतात. आणि करारात काहीही असो, स्वीकारापासून 45 दिवसांपुढे पैसे थकवता येत नाहीत. मग कलम 16 प्रमाणे व्याज काढले: रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' नावाच्या व्याजदराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. मुद्दल आणि व्याज वेगवेगळे दाखवून लेखा विभागाला नोटीस दिली, आवक क्रमांक घेतला. तरी हालचाल नाही, तेव्हा कलम 18 खाली सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, ऑनलाइन अर्ज केला. सोबत पुरवठा आदेश, बिल, चलन, उद्यम प्रमाणपत्र (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला). परिषदेची नोटीस गेल्यावर मुद्दल जमा झाले. व्याजाचा दावा मी सोडलेला नाही.

उद्यम नोंदणी ऑर्डरच्या आधीचीच असावी. बांधकामाचा ठेका असेल तर आधी वकिलाला विचारा. अशा ठेक्यांचे (वर्क्स कॉन्ट्रॅक्टचे) दावे न्यायालयात टिकले नसल्याची उदाहरणे आहेत.